ओटीवर सरकार, माजघरात कंपनी

"वन्सं, ऐकलंत का? पाहुणे आले आणि उभ्याउभ्या गेले!"

गडग्यापलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी खळ्यात आमसुलं उलटत होते. ती तशीच टाकली. मे महिन्यात पाहुणे उभ्याउभ्या गेले म्हणजे कुठेतरी लग्न अडलेलं असतं, आणि अडलेल्या लग्नापुढे आमसुलांची काय किंमत!

या वहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या भावाची बायको नव्हे. दोन घरांमध्ये कमरेएवढा गडगा आहे आणि त्याच्या पलीकडचे सगळे पुरुष माझे भाऊ लागतात, एवढंच नातं. मी कामगार खात्यात कारकुनी केली, बरीच वर्षं सोलापुरात काढली आणि निवृत्तीनंतर माहेरच्या घरी येऊन राहिले. वहिनी आमच्या वाडीच्या पोस्टमास्तर, सरकारी भाषेत शाखा डाकपाल. पोस्ट त्यांच्या ओटीवरच आहे. त्यामुळे कुणाची आरडी मोडली, कुणाला कोर्टाचं पाकीट आलं हे सगळं त्यांना ठाऊक असतं, आणि त्यातलं अवाक्षर त्या बोलत नाहीत. स्वतःच्या घरातलं मात्र सगळं सांगतात. त्याला खात्याची गोपनीयता लागू नाही.

"थोरल्यासाठी चिपळूणचे आले होते, घर बघायला," वहिनींनी गडग्यावर कोपरं टेकली. "रविवारी या म्हटलं, तर मुलीच्या मामांना रविवारी सवड नाही. सोमवारी आले. सोमवारी, वन्सं!"

सोमवारी पोस्टात जत्रा असते. ओटीवर पैसे काढायला आलेल्या म्हाताऱ्या, त्यांतल्या एकीचा अंगठा काही केल्या मशीनवर उमटेना. पाहुण्यांना बसायला जागा कुठली? मुलीचे मामा पोस्टाच्याच बाकड्यावर टेकले. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या खिशाचं पेन पाहिलं आणि आपला फॉर्म पुढे सरकवला. मामा भले गृहस्थ. त्यांनी भरून दिला. मग दुसऱ्याने सरकवला. चहा येईपर्यंत मामा अर्ध्या रांगेचे विड्रॉल फॉर्म भरून मोकळे झाले होते.

"आणि आत?"

"आत मावशी गेल्या ना, देव बघायला! माजघराचं दार लोटलेलं, वर थोरल्याने चिठ्ठी लावलेली, मीटिंग चालू आहे म्हणून. मावशींचा चष्मा पर्समध्ये. गेल्या आत, देव्हाऱ्यापुढे वाकल्या, आणि देव्हारा नेमका थोरल्याच्या पाठीमागे! कॅमेऱ्यात पलीकडे कोण गोरे साहेब बसलेले, त्यांना वाटलं आपल्यालाच नमस्कार करतायत. त्यांनी सगळ्यांनी हात जोडले."

मी गडगा धरून हसत सुटले. वहिनींनाही हसू आवरेना, पण त्यांचं खरं दुःख पुढेच होतं.

"मुलीची आई जाताना काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, घर छान आहे हो तुमचं. पण तुम्ही राहता कुठे?"

"मग तुम्ही काय दाखवलंत?"

"काय दाखवणार! स्वयंपाकघर."

प्रश्न अचूक होता. या बाईंना कामगार खात्यात घ्यायला हवं होतं असं मला वाटून गेलं. वहिनींचं घर तसं ऐसपैस. पण ओटी खात्याला दिलेली, माजघर कंपनीला दिलेलं. मालकीण, मालक म्हणजे भाऊ, धाकटी आणि मांजर यांच्या वाटणीला चूल आणि मागची पडवी आली.

ओटीचा इतिहास जुना. वहिनींचे सासरे ईडी पोस्टमास्तर होते. हल्ली ईडी म्हटलं की भलेभले दचकतात. तेव्हा त्याचा अर्थ एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एवढाच होता, म्हणजे खात्यात असूनही खात्याबाहेरचा. आता त्यांना ग्रामीण डाक सेवक म्हणतात. त्यांचे २०११ चे नियम मी एकदा वहिनींच्याच टेबलावर वाचले, आणि जन्मभर कामगार कायदे वाचलेल्या मला घाम फुटला. कामाचे तास दिवसाला पाचाच्या वर जायचे नाहीत. दुसरं उत्पन्नाचं साधन आहे, असं सेवकाने लिहून द्यायचं. आणि पोस्टाला साजेशी जागा शाखा डाकपालाने स्वतः पुरवायची. ज्याला पोट भरायला दुसरं काही आहे आणि वर पाहुण्यासारखं एक सरकारी कार्यालय ठेवून घेण्याइतकं घर आहे, त्यालाच ही नोकरी. बरं, नोकरी तरी म्हणावी का? सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलं की ही माणसं नागरी पदावर आहेत, त्यांना वाटेल तसं काढून टाकता येणार नाही. पण नियमित सरकारी नोकरांच्या पंगतीला त्यांचं पान आजही नाही. मिळतो त्याला पगार म्हणत नाहीत, भत्ता म्हणतात. २०१८ मध्ये तो वाढवला तेव्हा डाकपालाला चार तासांचे १२,००० आणि पाच तासांचे १४,५०० धरले, वर महागाई भत्ता.

"आणि जागेचे?" मी तेव्हा विचारलं होतं.

"जागा, वीज, मोबाइल सगळं मिळून महिन्याला ५००. तेही जागा त्यांच्या मापात बसली तर."

५०० रुपयांत आमच्याकडे माडाची साफसफाई होत नाही. पण वहिनी ते कुरकुरत सांगत नाहीत. पोस्ट त्यांचा मान आहे. गावच्या सभेत पोस्टवाल्या वहिनींना पुढची खुर्ची मिळते, आणि सासऱ्यांनी पोस्ट सुनेकडे आलं तेव्हा घरही तिच्या नावावर केलं, ही केवढी गोष्ट! कोकणातल्या किती सुनांच्या नावावर घर असतं? तेव्हा त्यांची तक्रार खात्याबद्दल नव्हतीच. तक्रार होती ती उंबऱ्याबद्दल. पोस्टाचे तास चार, पण घराला तास नसतात. रात्री नऊला कुणी बेडं ओलांडून येतो आणि अंगणातून ओरडतो, वहिनी, झोपलात का, सकाळच्या गाडीने मुंबईला जायचंय, जरा पैसे काढून द्या. ऑफिस बंद आहे म्हणायची सोय कुठे? ऑफिसच्या मागे वहिनी जेवतायत हे त्याला दिसतंय.

"ओटीचं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तिची सवय झाली. सासूबाईही बाळंतपणानंतर मागल्या दारानेच ये-जा करायच्या म्हणे. पण माजघर गेलं ते मला लागलं."

माजघर गेलं २०२० च्या मार्चमध्ये. थोरला पुण्याहून एक बॅग आणि एक लॅपटॉप घेऊन आला, पंधरा दिवसांसाठी. टाळेबंदी उठली, पुन्हा लागली, पुन्हा उठली, थोरला माजघरातच. पुढे कंपनीचा फॉर्म आला. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, मुलाचं लग्न व्हायचंय. फॉर्ममध्ये प्रश्न असे: आपल्याकडे स्वतंत्र, शांत खोली आहे का? दार आतून बंद होतं का? वीज गेल्यास पर्यायी सोय आहे का? इंटरनेटचा वेग किती? घरातील इतर व्यक्तींना पडदा दिसणार नाही याची हमी देता का? थोरल्याने सगळीकडे हो म्हटलं आणि मग एकेक हो खरा करण्याचा खर्च सुरू झाला. माजघराला दार नव्हतं, सुतार आला. इन्व्हर्टर आला. नेटची वायर पाखाडीवरून झाडाझाडांतून आली आणि पहिल्याच पावसात माकडांनी तोडली. खुर्ची आली, कारण पाटावर बसून पाठ गेली. यातलं कंपनीने काय दिलं? लॅपटॉप. आणि तो पुसायचा मऊ फडका.

हे मी एकदा थोरल्याला ऐकवलं, तर तो माझ्यावरच उलटला. "आत्या, हिंजवडीत जायला दीड तास, यायला दीड तास. तिघांत एक खोली, मेसची डाळ. इथे सकाळी नदीवर जातो, दुपारी आईच्या हातचं जेवतो. मी सुखात आहे, तुम्ही कशाला माझं दुःख शोधताय?"

त्याचंही खरं. घरून काम म्हणजे निव्वळ जुलूम असं मी म्हणणार नाही. ज्या बाईला तान्हं मूल आहे, ज्याचे आईवडील अंथरुणाला आहेत, त्यांना विचारा. पण तो सुखात आहे ते आईच्या घराच्या जिवावर, कंपनीच्या नाही. आणि त्याच्या सुखाचा आवाज घरात बंद आहे. मीटिंग चालू असली की मिक्सर बंद, पाटा बंद, धाकटीचं गाणं बंद, भाऊंचा खोकला बंद. कोंबड्याला तेवढं कुणी सांगू शकलेलं नाही.

या कंपनीला आजवर एकानेच घराबाहेर काढलं. गणपतीने. त्यांचा गणपती पिढ्यान्‌पिढ्या माजघरातच बसतो, आणि मखराची जागा हलवायची हिंमत थोरल्यालाही झाली नाही. गौरी-गणपती जाईपर्यंत कंपनी मागच्या पडवीत, सरपणाशेजारी. साहेबांना थोरल्याने सांगितलं, घराचं नूतनीकरण चालू आहे.

"तुम्ही हसताय वन्सं, पण हे असं कुठे असतं का? नोकरी त्यांची आणि घर आमचं?"

आता हा प्रश्न कामगार खात्यातल्या बाईला विचारल्यावर तिने गप्प कसं बसावं! आमसुलांवर ऊन छान होतं. मी गडग्याच्या एका सपाट दगडावर बसलेच.

"वहिनी, असं असतं की नाही ते मी सोलापुरात पाहिलंय," मी म्हटलं.

पूर्व भागात सकाळी बायकांची रांग लागायची, तेलुगू बोलणाऱ्या, हातात पिशव्या. पिशवीत काल वळलेल्या बिड्या. त्या कारखान्याच्या शाखेत द्यायच्या आणि येताना तेंदूची पानं, तंबाखू, दोरा घेऊन यायचा. कारखाना म्हणायचं, पण बिडी तिथे वळली जायचीच नाही. ती वळली जायची घरात. पान भिजवायचं घरच्या पाण्यात. कापायचं, सूप मांडीवर घेऊन वळायचं, त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत अभ्यास, त्याच खोलीत रात्री झोप. तंबाखूची भुकटी पाळण्यापर्यंत. पानं कमी पडली तर पदरचे पैसे घालून बाजारातून आणायची, कारण हजाराचा हिशेब हजाराने पुरा व्हायला हवा. मी पाहणीला जायची तेव्हा माझं डोकं भणभणायचं, आणि घरातली मुलं मला बघून हसायची. त्यांना तो वास येतच नव्हता.

१९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. चांगला कायदा. कारखानदाराने कच्चा माल दिला आणि बाईने घरी बसून बिडी केली, तरी ती कामगारच, असं त्यात स्पष्ट म्हटलं. पण त्याच कायद्याने कामाची जागा कशाला म्हणायचं हे ठरवताना राहतं घर वगळलं. आता बघा गंमत. हवा खेळती हवी, प्यायचं पाणी हवं, मोऱ्या हव्यात, पाळणाघर हवं, हे सगळं त्या कायद्यात आहे, पण ते जागेला लागू. घर ही जागाच नाही. बाई कायद्याच्या आत आली आणि ज्या खोलीत बसून ती काम करते ती खोली बाहेर राहिली. मालकाने खिडकी बसवायला नको, नळ द्यायला नको, भाडं द्यायला नको. पुढे २०२० च्या कामगार संहितेने हा कायदा पोटात घेतला. माझ्या निवृत्तीनंतरची गोष्ट, त्यामुळे तिच्या फायली माझ्या टेबलावर आल्या नाहीत, नशीब माझं.

"मग त्या बायकांना काहीच मिळालं नाही?"

"मिळालं. तेही कसं मिळालं ते ऐका."

भविष्यनिर्वाह निधी द्यायची वेळ आली तेव्हा मालक लोक कोर्टात गेले. म्हणणं काय, तर या बायका आमच्या नोकर कशा? त्या आपल्या घरात बसतात, केव्हा उठतात, केव्हा वळतात, आमचा मुकादम काही तिथे उभा नसतो. आमचा ताबाच नाही तर नोकरी कसली? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८५ साली निकाल लागला, आणि काय धरून लागला? छाट. बाईने बिड्या आणल्या की शाखेत त्या तपासायच्या, आणि जी बिडी मनाला आली नाही ती बाजूला टाकायची, तिचे पैसे नाहीत. ही छाट म्हणजे बायकांच्या जिवाला लागलेला घोर. काढलेल्या बिड्यांवरून रोज भांडणं व्हायची. न्यायालय म्हणालं, माल नापसंत करून टाकून द्यायचा अधिकार तुमच्याकडे आहे ना? मग हाच तुमचा ताबा. मुकादम घरात उभा असायची गरज नाही. त्या तुमच्या कामगार, भरा फंड.

वहिनी गडग्यावर पुढे झुकल्या. "म्हणजे टाकलेल्या बिड्यांनी फंड मिळवून दिला?"

"अगदी तसंच."

"मेल्यांनी टाकल्या नसत्या तर दिलाही नसता मग!"

वहिनींचं डोकं असं चालतं. त्यांना ओटीवर बसवून खात्याने फार स्वस्तात काम भागवलंय.

पुढे या बायकांनी मोर्चे काढून घरंही मिळवली. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. २००६ च्या १ सप्टेंबरला पंतप्रधान मनमोहन सिंग तिथे येऊन गेले. केंद्राचे पैसे, राज्याचे पैसे आणि बायकांचे स्वतःचे पैसे. झोपडीतून पक्क्या घरात जाणं काय असतं हे मी त्यांच्या तोंडावर पाहिलंय, त्याला मोल नाही. पण माझ्यातली कारकूनबाई तेव्हाही मनात म्हणालीच: बायकांना घरं मिळाली आणि मालकांना वर्कशॉप मिळालं, एक रुपया न घालता. दुसऱ्या दिवसापासून त्या नव्या फरशीवर सुपं मांडली गेलीच.

तुमचा थोरला मांडीवर लॅपटॉप घेतो तेव्हा मला ते सूप दिसतं, असं मी वहिनींना म्हटलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही. मुलगा इंजिनिअर, त्याला बिडीवालीच्या पंगतीला बसवलं. पण खरं सांगायचं तर त्या बाईकडे ओळखपत्र होतं, युनियन होती, आणि छाट जास्त काढली की शाखेच्या दारात ठिय्या मारायला शेजारणी होत्या. थोरल्याकडे यांतलं काय आहे? त्याच्या शेजारणी आपण, मिक्सर बंद करून बसलेल्या.

"पण तो लाखात कमावतो, वन्सं."

"कमावतो ना. म्हणूनच विचारायला हवं, एवढी कमाई असणारी कंपनी माजघर फुकट का वापरते?"

यावर वहिनी थोडा वेळ गप्प. मग त्यांनी त्यांच्या जावेचं काढलं. जाऊ अंगणवाडी सेविका. पावसात अंगणवाडी गळायला लागली की पोषण आहाराची पाकिटं तिच्या पलंगाखाली, आणि उंदीर लागला तर हिशेब तिने द्यायचा. मी शिक्षकांचं काढलं. बोर्डाच्या उत्तरपत्रिका घरी तपासायच्या ही किती जुनी रीत! २०२५ च्या मार्चमध्ये विरारला एका शिक्षिकेच्या घरी बारावीच्या उत्तरपत्रिका जळाल्या आणि प्रकरण पोलिसांत गेलं. कागद बोर्डाचे, घर बाईंचं आणि आगीचा जाब? तोही बाईंनाच. देशावरच्या कुलकर्ण्यांच्या घरी गावाचं दफ्तर पिढ्यान्‌पिढ्या असायचं, रुमालात बांधलेलं, हे खरं. पण त्याबदल्यात त्यांना वतन होतं. १९५० च्या कायद्याने वतन गेलं, दफ्तर तलाठ्याकडे गेलं. जोवर घर वापरलं तोवर जमीन खाल्ली, व्यवहार चोख. आताच्या मालकांना दफ्तर घरात हवंय आणि वतनाचं नाव नको.

"बाहेरदेशी काय करतात?" वहिनींना बाहेरदेशाची भारी हौस. परदेशातून येणारी पाकिटं त्या दोन्ही बाजूंनी वाचतात.

मी सांगितलं, पोर्तुगालने २०२१ च्या अखेरीस कायदा केला की घरून काम करताना वाढणारा खर्च मालकाने द्यायचा. पण माझी आवडती गोष्ट स्वित्झर्लंडची. तिथे एका कंपनीने आपल्या माणसाला ऑफिसात धड जागाच दिली नाही, तो घरून काम करत राहिला, आणि नोकरी सुटल्यावर त्याने भाडं मागितलं. कंपनी म्हणाली, घर तू राहायला घेतलंस, आमच्यामुळे तुझं भाडं वाढलं का? मग आम्ही कशाला द्यायचं? तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलं, वाढलं नसेल, पण वापरलंत ना? द्या. महिन्याला १५० फ्रँक.

"म्हणजे आपले?"

"पंधरा हजारांच्या आसपास."

वहिनींनी ओटीकडे पाहिलं, मग माजघराच्या खिडकीकडे पाहिलं. मनातला हिशेब मला दिसत होता. सासऱ्यांच्या काळापासूनची ओटी धरली तर आकडा गडग्यावर मावणार नाही.

"आपल्याकडे असं कुणी मागत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "घर आपलंच आहे, भाडं कसलं मागायचं, असं वाटतं."

हेच तर त्या स्विस कंपनीचं म्हणणं होतं! घर आपलं आहे म्हणूनच भाडं मागायचं असतं. दुसऱ्याचं असतं तर त्याने मागितलं असतं. इलाबेन भट आणि त्यांची सेवा संघटना जगभर सांगत फिरली की घरी बसून केलेलं काम हेही कामच. १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र करार केला, त्यामागे अहमदाबादच्या गोधड्या शिवणाऱ्या, उदबत्त्या वळणाऱ्या बायकांचा जोर होता. भारताने मत दिलं, सही मात्र अजून केलेली नाही. आपल्याकडे घरातल्या कामाचा नियम कुणी केलाच असेल तर तो वीज आयोगाने: घराच्या एका भागात धंदा केला तरी महिन्याला ३०० युनिट आणि वर्षाला ३,६०० च्या आत राहिलात तर घरगुतीच दर. मीटरला तेवढी अक्कल आहे. आयकरवाल्यांकडे जा: डॉक्टरने घरात दवाखाना टाकला तर तो खर्च दाखवू शकतो, पगारदाराने माजघरात ऑफिस थाटलं तर त्याच्यासाठी तसा रकानाच नाही.

"रकाना आहे!" वहिनी एकदम उजळल्या. "घरभाड्याचा. थोरला मला भाडं देतो, वन्सं. पावती माझ्या सहीची, पॅनही माझाच घेतलाय."

"खरंच देतो?"

"खात्यात जमा करतो दर महिन्याला. माझ्याच पोस्टात."

"आणि त्याचं तुम्ही काय करता?"

इथे वहिनी थबकल्या. मग बोटं मोडत हिशेब सुरू झाला. इन्व्हर्टरचा हप्ता. नेटचं बिल. खुर्चीचे राहिलेले. माजघराच्या पंख्याचं, लाइटचं. दुपारचा एक चहा जास्त, संध्याकाळचा एक जास्त. बोटं संपली, भाडं त्याआधीच संपलं होतं. कंपनी थोरल्याला राहायला भत्ता देते, थोरला तो आईला देतो, आई त्यातून कंपनीचं ऑफिस चालवते.

"म्हणजे मी कंपनीलाच भाडं देते?" वहिनी म्हणाल्या. हे वाक्य माझं नाही, त्यांचं. मला निवृत्तीपर्यंत इतकं नेमकं सुचलं नाही.

वर आणखी भीती ही की कंपनी केव्हाही परत बोलावेल. टीसीएसने २०२० साली जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी पाव हिस्साच माणसं ऑफिसात लागतील. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात सगळ्यांना पाचही दिवस या म्हणाले. थोरल्याच्या कंपनीतही कुजबुज आहे. तसं झालं तर दार, इन्व्हर्टर, वायर सगळं माजघरात पडून राहणार आणि पुण्यात पुन्हा खोलीचं डिपॉझिट. साधा भाडेकरू घर सोडताना महिन्याची नोटीस देतो. कंपनी एक मेल पाठवते, तेही शुक्रवारी संध्याकाळी.

एवढ्यात ओटीवरून हाक आली. कुणी तरी पाकीट टाकायला आलं होतं. वहिनी "आले, आले" म्हणत वळल्या, आणि त्यांच्या पदराला बांधलेला मोबाइल वाजला. चिपळूणचा फोन. त्या तिथेच, माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि मी आमसुलं उलटण्याच्या निमित्ताने गडग्याच्या आणखी जवळ सरकले.

"हो... हो... अहो कुठे काय, आमच्याकडे असंच असतं... हो का?... पसंत आहे?" वहिनींचा आवाज वर चढला आणि मग हळूहळू उतरत गेला. "घरूनच?... रोज?... रात्रीची पण?... बरं. विचारून सांगते."

फोन बंद झाला.

"वन्सं, मुलगा पसंत आहे. मामांना आमची माणसं फार आवडली म्हणे, फॉर्म भरताना सगळ्यांशी ओळख झाली."

"मग अडलं कुठे?"

"मुलीचंही घरूनच काम आहे. तिच्या कंपनीचा पण फॉर्म आहे. स्वतंत्र, शांत खोली हवी, आतून दार हवं. कुठली देणार, असं विचारतायत."

मी घर मनातल्या मनात फिरून आले. ओटीवर सरकार, माजघरात कंपनी. उरलं स्वयंपाकघर, आणि पडवीत सरपण. वहिनीही फिरून आल्या असाव्यात, कारण त्यांची नजर आधी मागच्या मांगरावर गेली, तिथून माझ्या घराच्या कौलांवर आली आणि तिथेच थांबली.

"वन्सं," त्या फार गोड आवाजात म्हणाल्या, "तुमची ओटी दिवसभर रिकामीच असते ना?"

"असते. भाडं किती द्याल?"

"कुठलं हवंय? स्वित्झर्लंडचं की पोस्टाचं?"